कूलर आणि दहापैकी नऊ

मी कूलर बोलतोय. हौस म्हणून नाही. पत्र्याला गंज चढल्यावर कोण आपली कथा सांगत बसतो? पण काल माझ्या डोक्यावर वही ठेवून एका पोरीनं आपल्या आजोबांचं खोटं उतरून घेतलं, म्हणून बोलणं आलं. ऐकायचं तर ऐका.

शिकलेला मी नाही. नागपुरात एका कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, रिपिटं मारली, पंखा बसवला, एवढीच माझी शाळा. चंद्रभान खापरखेड्याच्या वीज केंद्रात कायम झाला, त्या उन्हाळ्यात त्यानं मला टेम्पोत घालून आणलं. घर म्हणजे एकच खोली. चंद्रभान, त्याची बायको प्रेमिला, लहानगा रोहित आणि दुपारी शेजारची इंदूबाई, सगळे माझ्यापुढे चटईवर. प्रेमिला तिथंच कोपऱ्यात रांधायची. माझ्या वाऱ्यानं स्टोव्ह विझायचा, की ती मला शिव्या द्यायची, "थांब ना मेल्या, भात होऊ दे." मला बरं वाटायचं. त्या घरात मला शिवी देण्याइतकं कोणीतरी जवळ होतं.

दोन उन्हाळे असे गेले. मग पगार वाढला. माणसाचा पगार वाढला की तो आधी भिंत बांधतो, हे मी पाहिलंय. बैठक वेगळी झाली, स्वयंपाकघर मागं टिनाखाली गेलं. मी बैठकीच्या खिडकीत. माझा वारा कोपरा वळत नाही. सरळ जातो, लोळणाऱ्या पुरुषांच्या पोटावर. होळी झाली की माझ्या जाळ्यांतलं कुजकं गवत काढून नवं भरायचं, रोज बादल्यांनी टाकी भरायची, हे काम मात्र प्रेमिलाकडेच राहिलं. पुढे रोहित नागपुरात सदर भागातल्या ऑफिसात लागला, त्याच्या खोलीत एसी आला. मागचं टिन तिथंच. ही बाई मला पाणी पाजते आणि स्वतः भट्टीत उभी राहते, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी काय करणार होतो, असं म्हणून सुटता येतं. पण सुटावंसं वाटत नाही.

मागल्या मे महिन्यात चंद्रभानचा साडू रुपराव पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. जेवला आणि माझ्यापुढेच घोरायला लागला. प्रेमिला मागं पुन्हा पोळ्या लाटत होती, त्याच्यासोबत बांधून द्यायला. तेवढ्यात माझी टाकी आटली, पंप कोरडा ओरडायला लागला. चंद्रभाननं उठून माझं बटण बंद केलं. घर एकदम चूप झालं. त्यात आतून आवाज आला.

"अजी, जरा इकडं या ना. मले गरगरून राहिलं."

चंद्रभान तक्क्याला टेकला आणि म्हणाला, "आधी कूलरमंदी पाणी टाक वं. पाहुण्याची झोप मोडन."

ती बादली घेऊन निघाली. मागल्या उंबऱ्यातच पडली.

ऊन लागलं होतं. तीन दिवस सलाईन. घरी आणल्यावर रोहितनं विचारलं, "आईनं आवाज नाही देला का, बाबा?"

"देला असन. ह्या कूलरचा खडखडाट किती होते. मले काही ऐकूच नाही आलं."

प्रेमिला खाटेवर होती. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिची ती पाठ मला अजून दिसते. माझ्या तहानेपायी बाई पडली, आणि वर माझ्याच आवाजाची चादर त्या गोष्टीवर टाकली गेली. लाजेनं पत्रा तापतो म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा.

काल रोहितची पोरगी भूमिका कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. कमाई वाढते, वय वाढतं, तसं सुख वाढतं का, असा तिचा विषय. मी बंदच होतो, वही माझ्यावर ठेवून ती उभी राहिली.

"आबा, दहापैकी किती सुखी आहा तुम्ही?"

"नऊ लिही. एक गुडघ्याचा कापला."

"अन् आजी?"

"तिचं बी नऊ. घर एक तं नंबर बी एक."

पोरीनं लिहिलं. प्रेमिला दारात उभी होती.

"बाई, नवा कूलर आणला त्या दोन उन्हाळ्याचं इचारत असशीन तं दहा लिही."

"तवा तं आबाले पगारच कितीसा होता, आजी?"

"नव्हता. पण मी हाक मारली का ऐकू जाये."

"आता हा खटारा ऐकू देते का?" चंद्रभान म्हणाला.

"त्या दिवशी हा बंद होता जी," प्रेमिला म्हणाली. आवाज चढवला नाही.

भूमिकाचा पेन थांबला. चंद्रभान उठला आणि त्यानं माझं बटण दाबलं. टाकीत थेंब नव्हता. मी खडखडलो, मला दुसरं येत नाही. प्रेमिलानं बादलीला हात लावला नाही. पोरीनं आजीच्या नऊवर काट मारली, आणि पुढं काय लिहायचं म्हणून तिच्याकडे पाहत राहिली.

मला भंगारात द्या, तक्रार नाही. प्रेमिलाची माफी मागायला मला तोंड नाही, ते दुःख माझं मी वाहीन. पण तिची आधी आणि माझी मागून, अशा दोन माफ्या एका माणसाकडे अडून आहेत. कान शाबूत आहेत त्याचे. चंद्रभान त्याचं नाव.