जड पडदे

“बाई, पडदे एवढे जड कशाला?” झडतीला आलेल्या साहेबांनी खिडकीचा पडदा तळहातावर तोलत विचारलं.

शिलाई मशीनवर बसलेल्या तिच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून उशीला टोचेपर्यंत तिने मनातल्या मनात देवाला हाक मारून घेतली.

घरातल्या सगळ्या पडद्यांच्या दुमडीत धाकट्या भावाचा सिनेमा होता. सूत रंगवायच्या कारखान्यातल्या बायकांवर त्याने तो चोरून काढला होता. दाखवायला बंदी, एक प्रत जप्त झाली, ही तेवढी उरली. भावाने तिची फीत पडद्यांच्या रुंदीएवढी कापून दिली आणि तिने पट्ट्या दुमडीत सरकवून वरून शिवण मारली. त्या बायकांत आईही होती. कोपरापर्यंत निळे हात, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. आई गेली; हलती, हसती अशी ती एवढ्यातच राहिली होती.

आणि पंचाईत अशी, की मशीनवर बसलं की खोटं बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. आईनेच घालून दिलेला.

“काय भरलंय यात?”

“आई आहे आमची,” ती हळूच म्हणाली.

कोपऱ्यात उभ्या भावाने डोळे मिटून घेतले. साहेबांच्या बोटांखाली काहीतरी कुरकुरलं. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग झोपलेल्या बाळाचा हात ठेवावा तसा त्यांनी पडदा सोडला.

“आमच्याकडे चष्मा ठेवलाय आईचा,” ते पुटपुटले आणि निघून गेले.

भावाने आधी दाराला कडी घातली. “धन्य आहेस ताई! जरा खोटं बोलली असतीस तर काय जीभ झडली असती?”

“मशीनवर होते ना रे.”

पुढे एका दुपारी, खिडक्यांना चादरी लावून, त्याने पट्ट्या जोडलेला सिनेमा भिंतीवर लावला. दुमड शिवताना सुई पट्ट्यांतूनही गेली होती. प्रत्येक टाक्याच्या जागी उजेडाचा ठिपका लुकलुकत होता.

“ताई, तू सिनेमाच शिवलास की!” तो रडवेला झाला. “एकेक भोक बुजवीन मी.”

तेवढ्यात आई हसली. चांदण्यांची रांग तिच्या केसांवरून उतरली, गालावरून वाहत निळ्या हातांत पडली.

“राहू दे,” ती भावाला म्हणाली. “आई असती तर टाके वाकडे म्हणून उसवायलाच लावलं असतं.”

ती उठून भिंतीपाशी गेली आणि आईच्या हातांखाली तिने आपला तळवा पसरला. आई केव्हाच पुढे सरकली होती. त्या तळव्यावर आता कुणा दुसरीचे निळे हात सूत पिळत होते.