भिंतीच्या कोपऱ्यातलं नाव

सकाळी दात घासून राहिलो होतो तेव्हाच फोन आला. लाखनीकडचा कोणी बुढा. मी 'हॅलो' म्हणायच्या आंधीच त्यानं माह्या मायपासून सुरुवात केली अन् पार आज्यापर्यंत गेला. "चार लाख नव्व्याण्णव लिहितं काय बे? शोरूममंधी सहाच्या वर सांगून राहिले! लाज वाटते का तुले?"

आता मी काही मोटारी विकत नाही. मी पेंटर आहो. अनुप पेंटर, साकोली. फ्लेक्स आले अन् आमचं काम अर्ध्यावर आलं, पण रस्त्याकाठच्या भिंती अजून आमच्याच आहेत. भिंतवाल्याले भिंत फुकट रंगवून भेटते, शोरूमले जाहिरात भेटते, अन् मले चौरस फुटानं मजुरी. खाली कोपऱ्यात मी माह्यं नाव अन् मोबाइल नंबर टाकतो. शोरूमवाल्यानं आपला नंबर टाकूच देल्ला नाही, "नुसता पत्ता लिही" म्हणे. मंग शिव्या कोणाले येतीन? मलेच ना!

अशा चौदा भिंती केल्या मी. पिवळ्यावर लाल, हातभर उंच अक्षरं. 'नवी कार घरी न्या, फक्त ४,९९,०००.' लोकांच्या शिव्या पचवल्या असत्या बापा. पण चौदातली एक भिंत सानगडीले माह्या सख्ख्या बहिणीच्या घराची होती.

विमलाबाई माह्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिले नुसतं बाई म्हणतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून मोटरसायकलवर बसणं बंद. माह्ये भाऊजी बाबुलाल वरठीच्या प्लांटात तीस वर्षं राबले अन् मांगल्या साली रिटायर झाले. कर्ज काढायचं नाही, ही त्याइची जिद्द. पोरीचं शिक्षण केलं, घरावर स्लॅब टाकला, अन् बाईच्या गाडीसाठी पाच लाख बाजूले ठेवले. अन् साळा जाऊन त्याइच्याच भिंतीवर चार नव्व्याण्णव लिहून आला! भाऊजीनं एकवीस हजार भरले अन् गाडी बुक करून टाकली. मले विचारलं बी नाही. काहून विचारतीन? घरच्याच माणसानं लिहिलं होतं.

गाडी आणाले गेले तर समोर कागद ठेवला. टॅक्स, इन्शुरन्स, हँडलिंग चार्ज, अॅक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी. सगळं मिळून सहा लाख एकोणीस हजार. गाडी नको असन तर नका घेऊ म्हणे, पण बुकिंगचे पैसे वापस भेटत नाहीत. भाऊजी बसनं घरी आले अन् दोन दिवसांत साऱ्या सानगडीत गोष्ट पसरली का साळ्यानं कमिशन खाल्लं.

हे कानावर आलं अन् माह्यं डोस्कं फिरलं. सरळ शोरूम गाठलं. मॅनेजर राजकुमार एसीत बसून च्या पेत होता.

"हँडलिंग चार्ज म्हणजे काय बे?" मी उभ्यानंच विचारलं. "काय हँडल केलं तुनं? गाडीच्या पाठीवर हात फिरवला?"

"तोंड सांभाळ, अनुप. सगळेच असं लिहितेत. टॅक्स सरकार घेते, इन्शुरन्स कंपनी घेते. मी काय घरी नेतो?"

"मंग तेही लिही ना वरतं! जे भरल्याबिगर गाडी दारातून निघत नाही, ते किमतीतच आलं. मटणवाला किलोचा भाव सांगते अन् मंग सुरीचे येगळे मांगते का?"

"पूरी किंमत लिहिली तर गिऱ्हाईक आत पाय ठेवत नाही. बाजूचा चार नव्व्याण्णव लिहून राहिला, अन् मी सहा एकोणीस लिहू? कुलूप लावू दुकानाले?" असं म्हणून त्यानं खण उघडला अन् एक कागद माह्यापुढं आपटला. "अन् हे पाह्य. हे डिझाइन तुलेच देल्लं होतं ना?"

कागदावर किमतीच्या डोक्यावर एक तारा होता. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'अटी लागू'.

"हे भिंतीवर कुठं आहे, दाखव," राजकुमार म्हणे. "मी लिहून देल्लं. तू खाल्लं. तुह्या भाऊजीले बी फोनवर हेच सांगितलं मी. आता चौदाही भिंतींवर अटी लागू लिहून ये. रंग तुह्या घरचा. तवरक तुह्यं बिल देत नाही."

त्याचं बोलणं खरं होतं. खरबड्या सिमेंटवर एवढं बारीक अक्षर उमटत नाही, अन् त्याची मजुरी बी भेटत नाही. कोण वाचते, म्हणून मी चौदाही ठिकाणी सोडून देल्लं होतं. चोर तो होताच, पण त्याची शिडी मी धरली होती.

तसाच रंगाचे डबे घेऊन सानगडीले गेलो. भाऊजी आंगणात सायकलीची चेन पुसत बसले होते.

"जयभीम, भाऊजी."

घेतला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं माह्या जयभीमले उत्तर देल्लं नाही.

"पौर्णिमेले विहारात माह्या बाजूलेच बसतं ना तू?" मान वर न करता ते म्हणाले. "चौथं शील कोणतं, सांग."

"खोटं नाही बोलायचं."

"अन् माह्या भिंतीवर काय करून ठेवलं?"

"मी कमिशन नाही खाल्लं, भाऊजी. बाईची शपथ."

"माह्यी शपथ कायले घेतं रे?" बाई घरातून वरडली. "आपल्या ब्रशाची घे!"

मी खाली बसलो. म्हटलं, आता लपवून काय फायदा. "कमिशन नाही खाल्लं, पण चूक माह्यी आहे. त्यानं 'अटी लागू' लिहाले देल्लं होतं. मी आळसानं सोडलं."

भाऊजीनं चेन खाली ठेवली अन् उठले. मले वाटलं, आता मारतेत. "ते लिहिलं असतं तरी मी वाचलं नसतं," ते म्हणाले. "मी त्या आकड्याले भुललो नाही बे! असे आकडे लय पाह्यले मी. मी खाली तुह्यं नाव पाह्यलं. म्हटलं, अनुपनं लिहिलं म्हणजे विचारपूस करूनच लिहिलं असन. पुस ते नाव. माह्या भिंतीवर नको."

पिवळ्या रंगाचा ब्रश घेतला अन् नावावर फिरवला. नंबरावर बी फिरवला. सोळा वर्षांत माह्या हातानं माह्यं नाव कधी पुसलं नव्हतं. रडू आलं मले, खोटं कायले सांगू.

मंग म्हटलं, अटी लिहाच्या आहेत ना? लिहितो. बाईले शोरूमचा तो खर्चाचा कागद मांगितला. तिनं तो माह्या अंगावर फेकला अन् म्हणाली, "याच्यातलं एक अक्षर बी सोडलं तर पाहाजो!"

सोडलं नाही. किमतीची अक्षरं जेवढी, तेवढीच हातभर उंच. टॅक्स ५५,०००. इन्शुरन्स २७,०००. हँडलिंग ९,०००. किट १८,०००. वॉरंटी ११,०००. अन् शेवटी, 'गाडी घरी येईपर्यंत ६,१९,०००. या अटी लागू.' भिंत पार जमिनीपर्यंत भरली. कोपरा मात्र मी रिकामा ठेवला.

साकोलीची बस थांबली, लोकं खिडकीतून वाचाले लागले. कोणी फोटो काढले. रंग वाळायच्या आंधी राजकुमार गाडी घेऊन हजर.

"हे काय लिहिलं बे?" तो माह्यावर धावला.

"तुनंच सांगितलं ना, अटी लिही म्हणून."

"बारीक लिहाच्या राहतेत त्या!"

भाऊजी मधात आले. "एक आकडा खोटा असन तर दाखव. आत्ताच पुसतो."

राजकुमारनं वरपासून खालपर्यंत वाचलं. मंग आवाज नरम करून भाऊजीले बाजूले घेतलं, पण आमाले सारं ऐकू येत होतं. "काकाजी, तुमचे एकवीस हजार आत्ता मोबाइलवर टाकतो. फक्त भिंतीवर चुना मारून द्या."

एकवीस हजार त्या घरात काय आहेत, मले ठाऊक होतं. "घ्या भाऊजी," मीच म्हटलं. "मी मारतो चुना."

"तू मधात बोलू नको!" ते माह्यावर खेकसले. मंग राजकुमारकडं वळले. "भिंत कोणाची आहे?"

"तुमची."

"अन् ते एकवीस हजार?"

"तुमचेच. पण..."

"भिंत बी माह्यी, पैसे बी माह्ये. मंग तू सौदा कायचा करून राहिला?"

जमलेले लोकं हासले. राजकुमार लालबुंद झाला. केस करीन म्हणे, पोलीस आणीन म्हणे. "आण," भाऊजी म्हणाले. "मी बी हाच कागद घेऊन ग्राहक मंचात जातो." राजकुमारनं दार आपटलं अन् धूळ उडवत गेला. मंचात अर्ज देल्ला आहे, पैसे अजून आले नाहीत. बाई अजून बसनंच साकोलीले जाते, दांडा धरून.

त्या दिवशी मी डबे बांधले अन् निघालो. बाईनं च्या ठेवला होता, पण थांबायचं माह्यं तोंड नव्हतं. मांगून भाऊजीचा आवाज आला.

"कोपरा रिकामा काहून सोडला?"

"तुमीच पुस म्हणाले होते."

"ते वरच्या खोट्याचं होतं. हे खरं आहे ना? मंग याच्या खाली टाक. नंबर बी टाक. आता शिव्या आल्या तर शोरूमचा पत्ता देजो."

डबा उघडला, ब्रश बुडवला. 'अ' वाकडा आला, पण पुसला नाही, तसाच ठेवला. भाऊजी बाजूले उभे राहून पूरा वाचेपर्यंत हालले नाहीत. मंग म्हणाले, "जयभीम. च्या पेऊन जा."

च्या पेलो. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या तेरा भिंती. रंग माह्याच घरचा.