आठ मिनिटांची खुर्ची

"बसा, काकू, बसा. आठच मिनिटं आहेत," स्वच्छता विभागाचे साहेब म्हणाले. ब्रशवाल्या काकू खुर्चीच्या कडेला टेकल्या.

व्यापारी मंडळाने जेवण ठेवलं होतं. एकेका टेबलाशी नगरपालिकेचा एकेक माणूस आणि त्याच्यासमोर गावातले धंदेवाले. घंटा वाजली की उठायचं आणि पुढच्या टेबलाशी जायचं. मागे फिरायची सोय नाही.

काकूंना एकच वाक्य बोलायचं होतं. रस्ते झाडायचे लांब दांड्याचे ब्रश नगरपालिका अठरा वर्षं त्यांच्याच कारखान्यातून घेत होती आणि त्या कामावर सात बायकांची घरं चालत होती. आता झाडणारं मशीन येणार, अशी कुणकुण लागली होती. "आमचं काम बंद करू नका, एवढंच म्हणायचं. इकडचंतिकडचं नाही," असं कारखान्यातच काम करणाऱ्या जाऊबाईंनी दोन दिवस घोकवून घेतलं होतं.

काकूंनी घसा साफ केला. आणि तोंडातून निघालं भलतंच.

"ते मशीन झाडतं तरी कसं हो?"

साहेबांचा चेहराच खुलला. सबंध संध्याकाळभर लोक त्यांना परवाने आणि सह्या मागत होते. मशीनबद्दल कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मोबाइलमधला मशीनचा फोटो उघडून दाखवला. पुढच्या बाजूला, पोटाखाली, ताटाएवढे दोन गोल ब्रश.

काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हा एकाच बाजूनं फिरतो?"

"हो. आणि पलीकडचा उलट बाजूनं."

"मग महिन्याभरात तंतू आडवे पडणार. आडवा पडलेला ब्रश धूळ उचलत नाही, नुसती चोपडतो."

"असं काही कंपनीनं सांगितलं नाही आम्हाला."

"थांबा, दाखवते." काकूंनी टेबलावरच्या पेल्यातल्या दातकोरण्या मुठीत धरल्या, टेबलावर टेकवल्या आणि मूठ गोल फिरवली. सगळ्या काड्या एका अंगाला कलल्या. "आता हेच उलट फिरवा बघू. तुमच्या हातानं."

साहेबांनी फिरवून पाहिलं. काड्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"अरेच्चा! म्हणजे डावा ब्रश उजवीकडे लावायचा?"

"आणि उजवा डावीकडे. दर पंधरा दिवसांनी. दुप्पट टिकतील."

घंटा वाजली.

मागे उभे असलेले टायरवाले मोठ्यानं हसले. "काकू, जेवायला आलात की शिकवणी घ्यायला? निदान गृहपाठ तरी द्या साहेबांना!"

काकूही हसल्या, उठल्या, आणि दोन पावलांवर थबकल्या. बोलायचं ते राहूनच गेलं होतं. पुढच्या टेबलांशी त्या बसल्या खऱ्या, पण पाणीपुरवठ्याचे साहेब काय म्हणाले ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

जेवणाच्या रांगेत स्वच्छतावाले साहेब अगदी पुढेच होते. काकूंनी ताट छातीशी धरलं.

"साहेब, आमचे ब्रश बंद होणार का?"

साहेबांनी डाव परत भांड्यात ठेवला. "खरं सांगू? ठरलंय, काकू. पुढच्या महिन्यापासून."

"सगळेच?"

"अरुंद गल्ल्यांत मशीन शिरत नाही. तिथे लागतील. पण आताच्या निम्मेही नाहीत." मग जरा घुटमळून ते म्हणाले, "ते अदलाबदलीचं... मशीन आलं की आमच्या ड्रायव्हरांना येऊन दाखवाल? मागायला लाज वाटते, पण..."

काकूंनी छातीशी धरलेलं ताट खाली घेतलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "झाडायचंच आहे तर नीट झाडा."

सकाळी कारखान्यात कुणाचे हात चालत नव्हते. काकूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आपली आठ मिनिटं कशी गेली तेही.

जाऊबाई भडकल्या. "एक वाक्य दिलं होतं तुम्हाला, ताई! एक! आणि वर त्या मशीनवाल्यांना शिकवायला जाणार? पोटावर पाय देणाऱ्याचे पाय चेपायला?"

"मशीननं काय केलंय आपलं? ते बिचारं फिरतंय."

कुणी हसलं नाही.

"ते वाक्य बोलले असते, तरी ठरलेलं ठरलेलंच होतं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पण बोलायला हवं होतं. ती माझी चूक."

शेवटी जाऊबाईंनीच विचारलं, "तिघींपुरतं काम राहील. घरी बसायचं कुणी?"

सगळ्यांच्या नजरा दाराजवळच्या बाईकडे वळल्या. तिला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती ती एकटी. तिनं कुणी सांगायच्या आधीच पिशवी उचलली होती.

"पिशवी ठेव खाली," काकू म्हणाल्या. "मी बांधते त्या ब्रशांचं काम तू करायचं. मला लेकाच्या घरी दोन घास आहेत. उरलेल्या दोन जागा कुणाच्या, ते तुम्ही आपसांत ठरवा. कुणाच्या घरी काय आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"मला तुमच्यासारखं ओढून बांधता येत नाही, काकू. तंतू आवळायची तार बोटात रुतते."

"अंगठा दे इकडे."

तार ओढताना अंगठ्यावर घालायची चामड्याची टोपी काकूंनी स्वतःच्या बोटातून काढली. अठरा वर्षांत तिथली कातडी पांढरी पडली होती. टोपी त्या बाईच्या अंगठ्याला सैल झाली. काकूंनी दोऱ्याचे दोन वेढे घालून ती घट्ट बांधली, दाताने दोरा तोडला आणि तिच्या हातात तार दिली.

"ओढ आता. घाबरू नकोस, मी बघतेय."