चार थर डांबराखालून

मित्रांनो, मी एक जुने, गोल, ओतीव लोखंडाचे झाकण आहे. घरांतले सांडपाणी रस्त्याखालच्या नळातून वाहते. तो नळ साफ करता यावा म्हणून विटांची विहिरीसारखी जागा बांधतात, तिला चेंबर म्हणतात. तिच्या तोंडावर मी बसतो.

माझी नेमणूक रस्त्याच्या अगदी टोकाला झाली. दर महिन्याला मुकादम आकड्याने मला उचलायचे, लांब बांबूने गाळ मोकळा करायचे आणि माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "गड्या, तुझ्यामुळे टोकाची चार घरं सुखात आहेत." माझी छाती फुगायची.

मग रस्ता नवा झाला. मला वर उचलून बसवायचे सोडून कामगारांनी माझ्यावरच डांबर ओतले. असे चार वेळा झाले. मुकादम निवृत्त झाले. चेंबर कोणी उघडेना, गाळ साचला आणि सर्वांत सखल घरातल्या आत्याबाईंच्या न्हाणीत घाण पाणी उलटे वर येऊ लागले.

आणि परवा सकाळी वर काय धांदल उडाली म्हणून सांगू! मोजणीच्या तिपाईचे पाय रोवले, फीत सरसरली. सांडपाण्याचा नवा नळ, पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ आणि पावसाच्या पाण्यासाठी कडेने गटार, अशी मोठी योजना आखली जात होती.

इंजिनिअर बाई म्हणाल्या, "आत्या, नकाशात शेवटचं चेंबर पाच घरं अलीकडे आहे. नवा नळ तिथपर्यंतच येईल."

"मग माझ्या न्हाणीतलं पाणी काय आकाशात जातं?"

"पटतंय हो मला. पण चेंबर दिसल्याशिवाय कागदावर कसं काढू? दुपारी नकाशा कचेरीत द्यायचाय."

तेवढ्यात ओळखीची पावले वाजली. आत्याबाईंनी मुकादमांना बोलावले होते!

"ताई, नकाशा विसरला असेल, मी नाही. आत्यांच्या फाटकापासून आठ पावलं." त्यांनी पावले मोजली आणि पहार आपटली. ठप्. पुन्हा ठप्. मी इकडे, आणि ते भलतीकडेच रस्ता बडवत होते!

"अहो मुकादम," आत्याबाई म्हणाल्या, "फाटक मी मागेच डावीकडे सरकवलंय."

"आत्या! हे आधी नाही का सांगायचं? घाम निघाला माझा!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सगळे हसले. मुकादम उजवीकडे सरकत, कान देऊन पहार आपटत आले. ठप्, ठप्... आणि मी सारा जीव एकवटून घणघणलो.

ढण्ण! "ऐकलंत ताई? पोकळ आहे!" मुकादम ओरडले.

डांबर फुटले. केवढे ऊन! मुकादमांनी माझ्यावरची माती तळहाताने पुसली आणि नुसतेच म्हणाले, "आहेस होय रे." इंजिनिअर बाई तिथेच रस्त्यात बसल्या, मांडीवर नकाशा पसरला आणि त्यावर लाल पेन्सिलीने एक गोल काढला. तो मी! नव्या नळाची रेघ माझ्यापर्यंत आली आणि पुढे टोकाच्या चारही घरांपर्यंत गेली. आत्याबाईंनी तीनदा वाकून पाहिली.

मित्रांनो, काम अजून सुरू व्हायचे आहे, पण मला आत्ताच धीर धरवत नाही. तुम्ही एवढेच करा. तुमच्या दारापुढे माझा एखादा भाऊ दिसतो का, पाहा. दिसला नाही, तर गल्लीतल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा. पण लवकर विचारा.