कोबॉलचं पुस्तक आणि शेजारचा लॅपटॉप

मी कोबॉल या संगणकाच्या जुन्या भाषेचं पुस्तक बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. शेजारी लॅपटॉप आहे आणि घरातली सगळी त्याच्याकडेच बघतात.

सुरतच्या एका बँकेत संगणक विभागात लागल्यावर अविनाशरावांनी मला घेतलं. साडीच्या कॅटलॉगचा गुळगुळीत कागद कव्हर म्हणून घातला. ते आधी पेन्सिलीने कागदावर प्रोग्रॅम लिहीत, मग टाइप करत. अडलेलं माझ्या समासात टिपून ठेवत.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई दसऱ्याला मला पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. वाचत कुणी नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीची, अपर्णाची, मुलाखत होती. बँकांचे जुने प्रोग्रॅम सांभाळणारी कंपनी.

"अपे, म्युझियममध्ये नोकरी करणार का?" थोरला योगेश हसला. "सरळ पायथनसारखी नवी भाषा शिक."

"दादा, बँकांचं कितीतरी काम अजून कोबॉलवरच चालतं. जाणणारे निवृत्त होताहेत. माझ्यासारखीला तिथेच जागा आहे."

"आणि दहा वर्षांनी?"

"तोवर पायथन शिकायला कुणी हात धरलाय?"

मी सुखावलो. तिने माझ्याकडे हात नेला.

"थांब गं!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "पुजलेलं पुस्तक आज वाचायचं नसतं. उद्या घे."

"मम्मी, उद्या नऊला तर मुलाखत आहे! आणि लॅपटॉपलाही कुंकू लावलंयस की."

"तो रोजचा आहे. हे त्यांचं आहे."

अपर्णाने हात मागे घेतला आणि लॅपटॉप उघडला. संध्याकाळपर्यंत माझेच धडे त्या चपट्याने परक्या आवाजात शिकवले. मी फुलांखाली जळत राहिलो.

तिला नोकरी लागली. जुनी भाषा कामाला आली, मी नाही. पेढा ठेवला गेला तोही लॅपटॉपपुढे.

रुजू होण्याच्या दिवशी शकुंतलाबाईंनी मला कपाटातून काढलं. प्रथमच उघडलं. समासातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग मला अपर्णाच्या हातात दिलं.

"ने ऑफिसला. घरी ठेवलं तर मी पूजाच करत बसेन."

आता मी तिच्या बॅगेत आहे, सुरतच्या उधना भागातल्या रस्त्याचे धक्के खात. लॅपटॉप मला चिकटूनच बसलाय, उबदार आणि निर्धास्त. अपर्णा, तुझं काम सुरळीत चालो, असं मी म्हणायला हवं. पण खरं सांगतो, त्याला न सुटणारी एक तरी अडचण तुला येऊ दे.