टाकीतला समुद्र

"अकरा," अपेक्षा म्हणाली. "काका, पुन्हा अकराच कण."

काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात बुडबुडे नेमाने वर येत होते, फुटत होते. परंतु वरच्या नळीला जोडलेला नवा परदेशी कणमापक ते मानायला तयार नव्हता. तीन वाजता संचालक येणार होते. कणांचा पुरेसा आकडा मिळाला नाही, तर टाकी भंगारात जाऊन तिच्या जागी संगणक बसणार होते. १९९८ सालचा डिसेंबर होता. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ दिगंबर सोवनी नऊ दिवसांनी निवृत्त होणार होते. टाकी त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी जोडलेली.

"थेंब उडतच नसतील," तरुण संशोधिका अपेक्षा पुटपुटली.

सोवनींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून क्षणभर पाण्यावर धरला. काचेवर बारीक थेंब उमटले आणि वाळून पांढरे ठिपके झाले.

"हे मीठ. हवेत चढलं, की याच्याभोवती ढगाचा थेंब धरतो. समुद्र आपलं काम करतोय, मॅडम. तुमची नळी करत नाहीये."

त्यांनी कागदाचे कपटे प्लास्टिकच्या नळीजवळ नेले. ते उडी मारून चिकटले.

"ही घासली कुणी?"

"मीच. साहेब येणार म्हणून, कोरड्या फडक्यानं."

"छान. लग्नाला न्यायची होती का? विद्युतभार बसलाय तिच्यावर. कण वाटेतच चिकटतात."

ते स्कूटर काढून तांबट आळीत गेले आणि तांब्याची नळी घेऊन आले. ती बसवून त्यांनी तारेने ती जमिनीला जोडली, म्हणजे भार साचणार नाही.

तीन वाजता आकडा नऊशेवर गेला, मग चार हजारांवर, मग अकरा हजारांवर.

"यंत्र बिघडलं नाही ना?" संचालकांनी विचारले.

सोवनींनी हवेची कळ बंद केली. बुडबुडे थांबले, आकडा उतरत गेला. कळ उघडली; तो पुन्हा चढला. अपेक्षाने न राहवून टाळी वाजवली.

"नळी कुठल्या कंपनीची?"

"तांबट आळीची."

संचालक हसले. "टाकी हलवायची नाही. संगणक व्हरांड्यात मांडा."

संध्याकाळी घरी पत्नी पद्मजाबाईंनी दारातच हात पुढे केला. "अहो, चष्मा किती घाण झालाय! आणा, पुसून देते."

"राहू दे. समुद्र आहे तो."

"पुण्यात?"

सोवनींनी चष्मा तसाच, न पुसता, अलगद घडी घालून डबीत ठेवला.