भरदुपारचा कंदील

बोलतो आहे तो मी एक कंदील आहे. अंग टिनाचे, काच गोल आणि तिला एका बाजूने तडा गेलेला. कामठ्याजवळच्या एका खेड्यात, अनुसयाबाईंच्या ओसरीवरच्या खुंटीला माझा मुक्काम असतो. वय झाले आहे, पण तब्येतीची तक्रार नाही. वात सरळ चढते, बूड गळत नाही. कंदिलाने याहून जास्त काय मागावे?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे ठोकाठोकी फार होती, एवढेच आठवते. नीट आठवते ते गोंदियाच्या बाजारातले मुन्नालालचे दुकान. आम्ही बरीच भावंडे तिथे दांडीला टांगलेली असायचो. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मुन्नालाल दिसेल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ले जाओ भैया, आजादी का माल है, आंधी में भी नहीं बुझेगा!"

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवसांत शालीकराम आपल्या आईला, अनुसयाबाईंना घेऊन दुकानात आला. उंच, हसरा गडी. वडील वारल्यावर शेती त्याच्याच अंगावर पडली होती. त्याने मला हलवून पाहिले आणि कानाशी धरले.

"कानाले कायले लावतं गा? तो का बोलते?" आई म्हणाली.

"तेल किती हाय ते आयकून राहिलो माय."

"दुकानातल्या कंदिलात तेल असते का, बावळट!"

मुन्नालालही हसला. अशा हसण्यातच मी त्यांच्या घरी आलो.

घर लहान, पण नांदते होते. धाकटी बहीण प्रेमिला रोज राखेने माझी काच लख्ख करायची. शालीकराम रात्री धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, पाणी लावायला जाताना मला बरोबर न्यायचा. माणसे मला उंच धरतात ती समोरच्याचे तोंड पाहायला. माझा अर्धा उजेड त्यांच्याच तोंडावर पडतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. त्यामुळे मला धरणाऱ्याचा चेहरा मी फार जवळून ओळखतो. शालीकरामचा चेहरा बदलू लागला, तो मला सगळ्यांच्या आधी दिसला.

आधी त्याची झोप गेली. मग हसणे गेले. आणि एका सकाळी, अंगणभर ऊन पडलेले असताना तो दारातच थबकला.

"माय, अजून उजाडलं नाही."

आईला ती थट्टा वाटली. पण तो दिवसभर घराबाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उंबऱ्याशी यायचा, बाहेर पाहायचा आणि घाबरून मागे फिरायचा. शेवटी प्रेमिलाने मला खुंटीवरून काढले, पेटवले आणि त्याच्या हातात दिले. भर उन्हात माझी ज्योत मलाच दिसत नव्हती. पण शालीकरामने सुस्कारा सोडला आणि निमूट शेताची वाट धरली.

तेव्हापासून तोच नेम झाला. प्रेमिला मला रोज पेटवून द्यायची, तो मला घेऊन जायचा, आणि वाटेवर गावकऱ्यांची जीभ सुटायची. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, धुरा लागलेला शेजारी दुधराम तर लांबूनच ओरडायचा, "काऊन गा शालीकराम, सूर्य कमी पडून राहिला का तुले?"

अनुसयाबाई घाईघाईने सांगायच्या, "अजी, कंदील बिघडला होता. तपासून पाहून राहिला तो."

त्यांनी असे का करावे? प्रेमिलाचे लग्न चिचगडच्या ईश्वरदासांच्या मुलाशी जुळले होते. थोरला भाऊ असा आहे हे बाहेर फुटले, तर ते घर मुलगी करणार नाही, ही त्यांना धास्ती. म्हणून वैद्य नाही, दवाखाना नाही. "लगन होऊ दे, मंग पाहू," त्या प्रेमिलाला सांगायच्या. आई वाईट नव्हती. तिला दोन लेकरे होती आणि हात तोकडे होते.

मग मार्गशीर्षातली ती दुपार आली.

कापणी झाली होती. दुधरामच्या शेतात धानाची पुंजणी, कापलेल्या पेंढ्यांचे उंच ढीग, रचून उभी होती. पावसाळ्यात याच धुऱ्यावरून दुधराम आणि शालीकराम यांचे कडाक्याचे भांडण झाले होते, तेही लक्षात ठेवा. शालीकराम मला घेऊन धुरा ओलांडून गेला. एकेका पुंजण्यासमोर त्याने मला उंच धरले.

"कोण आहात जी तुमी? अंधारात काऊन बसले?"

पुंजणे काय बोलणार?

"काकडून राहिले बिचारे," तो मला म्हणाला. "थांबा, शेकोटी करतो."

त्याने मूठभर तणस, वाळलेला पेंढा, ओढली, माझी काच वर केली आणि तणस पेटवून पुंजण्यांच्या मधोमध ठेवली. वाऱ्याने पुढचे काम केले. शालीकराम पळाला नाही. आगीपासून थोडा दूर बसून तो हात शेकत राहिला. दुधराम बोंब मारत धावत आला, तेव्हा त्याने त्याला मायेने जागा करून दिली.

"ये दुधराम, बस. शेक घे."

दुधरामच्या वर्षभराच्या कष्टांची राख होत होती, आणि वर हे ऐकणे! त्याने शालीकरामला बदडले आणि तीच काठी माझ्यावरही बसली. काचेचा तडा तेव्हाचा.

ठाणेदाराने अनुसयाबाईंना विचारले, "पोराचं डोकं ठीक आहे ना? कंदील कशाला होता हातात?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ठीक हाय जी. सांज झाली होती, म्हणून होता कंदील."

दुधरामला वेळेशी काही देणेघेणे नव्हते. त्याने ते खोडून काढले नाही. कागदावर संध्याकाळ लागली, आणि त्या एका शब्दाने एका आजारी माणसाचा, डूख धरून आग लावणारा गुन्हेगार झाला.

मला पोलिसांनी जप्त केले. कडीला चिठ्ठी बांधून भंडाऱ्याच्या कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. तिथे कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या, एक फुटका रांजणही होता. जो तो आपापली कैफियत सांगे. रांजण म्हणे, "माझ्यात दारू नव्हती हो, चिंच होती." कोणाचे खरे, देव जाणे.

खटल्याच्या दिवशी मला टेबलावर मांडले. शालीकराम पिंजऱ्यात उभा होता, दाढी वाढलेला, डोळे बारीक करून चाचपडणारा. त्याचे वकील गोवर्धनबाबू म्हातारे, सावकाश बोलणारे. आत येण्याआधी व्हरांड्यात ते अनुसयाबाईंना पुन्हा एकदा समजावत होते, ते मी शिपायाच्या हातात असताना ऐकले.

"बाई, आपण काय करतोय हे ज्याला आजारामुळं कळतच नाही, त्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. पण तो तसा होता, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. तुम्हीच म्हणता तो चांगला होता, तर मी काय बोलू? तुरुंगात जाईल पोरगा."

अनुसयाबाईंनी मान खाली घातली. समोरच्या बाकावर ईश्वरदास बसले होते. धुऱ्याच्या भांडणातून खटले होतातच, असे मानणारे ते; होणाऱ्या सोयऱ्याच्या अडचणीत आपण दिसायला हवे, म्हणून मुद्दाम आले होते.

सरकारी वकिलांचे म्हणणे सरळ होते. धुऱ्याचे जुने भांडण, संध्याकाळची वेळ साधली, धान जाळले आणि वर शेजाऱ्याला हिणवले, 'बस, शेक घे.' दुधरामने मान डोलावली. अनुसयाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात आल्या आणि सांज झाली होती, एवढेच पुटपुटल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माय, खोटं नको बोलू."

प्रेमिला उभी होती. शिपाई तिला बसवायला धावला, पण जज्जसाहेबांनी हात वर केला. गोवर्धनबाबूंनी तिची साक्ष मागितली आणि ती पुढे आली.

"साहेब, भरदुपार होती. कंदील मीच पेटवून देल्ला होता. रोज मीच देत होती."

"दिवसा?" सरकारी वकील हसले. "कशाला?"

"त्याले अंधार दिसे. कंदील नाही देल्ला का लेकरावानी रडे."

"आणि हे इतके दिवस सांगावंसं वाटलं नाही?"

प्रेमिलाने एकदा ईश्वरदासांकडे पाहिले.

"माहं लगन जुळलं होतं, साहेब."

ईश्वरदास उठले, टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. अनुसयाबाईंनी डोळे मिटून घेतले.

सरकारी वकील म्हणाले, "भावासाठी बहीण काहीही सांगेल."

"मंग त्यालेच इचारा ना," प्रेमिला म्हणाली.

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. उंच खिडक्यांतून दुपारचे ऊन त्यांच्या टेबलावर पडले होते. मी त्यातच तापत होतो.

"शालीकराम, आत्ता तुम्हाला काय दिसतंय?"

शालीकराम आवाजाच्या रोखाने वळला. "अंधार हाय, साहेब," तो कळवळून म्हणाला. "तुमी इतक्या अंधारात कसं लिहून राहिले? डोळे खराब होतीन ना."

मग त्याने माझ्याकडे बोट केले. "तो कंदील कोणी पेटवून द्या न साहेबाले."

दुधराम हातातली काठी सोडून उठला. "अरे बाप्पा," तो स्वतःशीच बोलला. "हा तर मले खरंच शेकाले बोलावून राहिला होता!"

त्यानंतर डॉक्टरांची तपासणी झाली, गावकऱ्यांच्या साक्षी झाल्या. थट्टा करणारे सगळेच आता गंभीर तोंडाने सांगत होते, होय, दिवसा कंदील असायचा. जज्जसाहेबांनी निकाल दिला. आग शालीकरामने लावली, पण ते कृत्य काय आहे हे त्याला कळत नव्हते, म्हणून गुन्हा नाही. बरा होईपर्यंत त्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे.

"गुन्हा नाही म्हणते, अन् घेऊन कुठं जाऊन राहिले?" अनुसयाबाईंनी विचारले.

"बरा करायला नेताहेत, बाई. तुम्हीच न्यायला हवा होता तिथे," गोवर्धनबाबू म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचे वाईट वाटले.

मला घरी परत पाठवले. चिचगडचे लग्न अर्थातच मोडले. पुढच्या वर्षी कामठ्याचे स्थळ आले, तेव्हा पाहुण्यांच्या हातात कप देण्याआधीच प्रेमिला बोलली, "माहा भाऊ नागपूरले येड्याच्या दवाखान्यात हाय. आता चहा घ्यायचा का नाही ते तुमी पाहा."

मुलगा हसला आणि त्याने दोन कप चहा घेतला. तेच आमचे जावई.

शालीकराम हळूहळू सुधारला. इस्पितळातून कळवले की आता घरी नेता येईल. मात्र कोणी नातलगाने किंवा मित्राने त्याला सांभाळण्याची हमी लिहून द्यावी. अनुसयाबाईंची नजर अधू झाली होती, त्यांच्या एकटीच्या हमीवर इस्पितळाचे साहेब तयार होईनात.

"मित्र कोण आहे त्याचा?"

"मी लिहून देतो," बाईंना गाडीने घेऊन आलेला दुधराम म्हणाला.

"तुमचंच धान जाळलं ना त्यानं?"

"मंग? धुरा तर त्याचा न माहाच एक हाय. तो नसल्यावर धुऱ्यावर भांडू कोणासंग? त्याची माय तर भांडतबी नाही."

अंगठा उमटवून त्याने शालीकरामला घरी आणले. ही सगळी हकिकत त्यानेच ओसरीवर बसून इतक्या वेळा सांगितली आहे, की मला तोंडपाठ आहे.

आता साठ साल लागले आहे. शालीकराम शेती करतो. दिवस त्याला दिवसासारखा दिसतो, बहुतेक वेळा. परवा ओसरीवर चार माणसे बसली होती, नव्या महाराष्ट्र राज्याच्या गप्पा चालल्या होत्या. शालीकराम मधेच थांबला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माय, मले आज बरोबर नाही वाटून राहिलं. उजेड पातळ दिसून राहिला."

एके काळी या वाक्याने अनुसयाबाईंनी दार लावून घेतले असते. आता त्या भाकरी बांधायला उठल्या.

"मंग सांगत बसू नको, धोतर बदल," दुधराम म्हणाला. "नागपूरची गाडी भेटते अजून. मी बैल जुपतो."

"तुही कामं?"

"माहे कामं काही पळून नाही जाऊन राहिले. चल."

कोणी कुजबुजले नाही. एकाने त्याला विडी दिली, दुसऱ्याने प्रेमिलाला निरोप द्यायचे कबूल केले. आठवडाभराने तो परत आला आणि बांधीवर कामाला लागला.

तुमच्याही घरात कोणाला दिवसा अंधार दिसत असेल, तर त्याला झाकून ठेवू नका. चारचौघांत सांगा आणि वेळेवर दवाखान्यात न्या. कोर्टात सांगण्यापेक्षा ओसरीवर सांगणे फार सोपे असते. मी दोन्ही जागी राहिलो आहे, म्हणून सांगतो.

आमच्या गावात वीज यायला अजून अवकाश आहे, असे म्हणतात. तोवर ओसरीवर मी आहेच. कधी या बसायला.